गावातून मळ्यापर्यंत लोरा: कमी बॅटरीत, खात्रीने निरोप पोहोचवायची पद्धत

मळा घरापासून दोन किलोमीटरवर, विहिरीवर मोटर, थ्री फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री आणि मोबाइलला बांधावर जेमतेम एक काडी रेंज. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत हीच स्थिती आहे. अशा ठिकाणी जमिनीतला ओलावा घरबसल्या पाहायचा असेल आणि मोटरही घरूनच चालू-बंद करायची असेल, तर लोरा हा लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ फार कामाचा आहे. सिमकार्ड लागत नाही, महिन्याचं बिल नाही आणि बॅटरीवर महिनोन्महिने चालतो.

लोराची दोन मॉड्यूल टेबलावर ठेवून एकमेकांशी बोलती करणं तासाभराचं काम आहे. तीच जोडी उभ्या उसात, वळवाच्या पावसात, लाइटच्या लपंडावात वर्षभर चालवणं हे खरं काम, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो. प्रत्येक पॅकेट, म्हणजे रेडिओने एका वेळी पाठवलेला निरोप, पोहोचलंच पाहिजे असा हट्ट धरला की बॅटरी संपते, हवेत गर्दी होते आणि शेवटी जो निरोप पोहोचायलाच हवा होता तोही अडकतो. म्हणून कोणता निरोप हरवला तरी चालेल आणि कोणता हरवता कामा नये, हे पहिल्या दिवशी ठरवायचं. पुढची सगळी मांडणी त्यावर उभी राहते.

पायरी १: निरोपांची वाटणी

मळ्यातून येणारे आणि मळ्याकडे जाणारे सगळे निरोप कागदावर लिहून काढा. ओलाव्याचं रीडिंग दर अर्ध्या तासाला पुरे. काळ्या जमिनीत ठिबक बंद असताना अर्ध्या तासात ओलावा नावापुरता बदलतो. मधलं एखादं रीडिंग आलं नाही, तर वाफसा कधी येईल या अंदाजात काही फरक पडत नाही. अशा निरोपाला पोच, म्हणजे ‘मिळाला’ असं उलट उत्तर, मागू नका.

मोटरचं तसं नाही. ‘चालू कर’ पोहोचला नाही तर पाण्याची पाळी हुकते. ‘बंद कर’ पोहोचला नाही तर विहीर तळाला जाईपर्यंत मोटर फिरत राहते. या निरोपांना पोच हवीच आणि पोच आली नाही तर काय करायचं याचा बंदोबस्तही हवा. ‘लाइट आली’, ‘लाइट गेली’ हे निरोप दोन्हींच्या मधले: पोच मागा, दोन-तीनदा प्रयत्न करा, नाही गेलं तर सोडून द्या.

आकाराचाही हिशेब इथेच करा. लोरा सेकंदाला काही शे ते काही हजार बिट एवढंच वाहून नेतो. मळ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र हवं असेल तर हा रेडिओ तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी छतावरून मळ्यापर्यंत ५ गिगाहर्ट्झच्या वायफायची थेट जोडणी लागते.

पायरी २: योग्य बँडचं मॉड्यूल

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा लोरासारख्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. मर्यादा अशा: ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेना धरून परिणामी शक्ती ४ वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. या शेवटच्या अटीमुळे लोराची १२५ किलोहर्ट्झची रुंदी वापरायची, २५० ची नाही.

ऑनलाइन बाजारात ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल शेजारी शेजारी विकायला असतात. तुम्हाला ८६८ चं हवं आहे, ते ८६६ च्या आसपास उत्तम चालतं. ९१५ चा पट्टा अमेरिकेत चालतो, आपल्याकडे तो मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ बँडला जाऊन भिडतो, त्यामुळे स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. लोरावॅन म्हणजे लोरावर चालणाऱ्या जाळ्याची तयार, ठरलेली पद्धत. तिची भारतातली ठरलेली चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. स्वतःपुरती साधी जोडणी करत असाल तर त्यांच्यापासून दूर, समजा ८६६.२ वर राहा, म्हणजे आसपास कुणाचं लोरावॅन असलं तरी एकमेकांच्या पायात पाय येणार नाहीत.

स्वतःचं प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, लिहायचं की लोरावॅन घ्यायचं? दोन-चार सेन्सर आणि एक मोटर असेल तर स्वतःचं साधं प्रोटोकॉल पुरतं आणि त्यात काय चाललंय हे सगळं दिसतं. गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून करायचं असेल, तर आठ चॅनेलचा खरा गेटवे (सगळ्यांचे निरोप गोळा करून पुढे पाठवणारं यंत्र) आणि लोरावॅनच घ्या. तिथेही मोटरचा नोड, म्हणजे मोटरपाशी बसवलेलं रेडिओचं यंत्र, क्लास सी मध्ये, म्हणजे सतत ऐकत, ठेवावा लागतो. क्लास ए मधला नोड स्वतः बोलल्यानंतर ठरावीक वेळाने दोनदा थोडा वेळ कान उघडतो आणि परत झोपतो. मोटर बंद करायला तो पुन्हा बोलेपर्यंत वाट पाहणं परवडणारं नाही.

पायरी ३: वेग आणि पल्ला यांचा तोल

लोरा हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सायक्लिओ कंपनीत जन्मलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. यात माहिती चिर्पच्या रूपात जाते, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत सरकत जाणाऱ्या लहरीच्या रूपात. ही लहर किती सावकाश सरकवायची हे स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे एसएफ ठरवतो. लांबच्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना आपण शब्द ताणतो, तसंच हे आहे: एसएफ वाढवला की पल्ला वाढतो आणि वेळही वाढतो.

किती वाढतो ते पाहा. एसएक्स १२७६ ही लोराची चिप १२५ किलोहर्ट्झवर एसएफ ७ ला साधारण उणे १२३ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण) संदेश पकडते आणि एसएफ १२ ला साधारण उणे १३६ पर्यंतचा. म्हणजे १३ डेसिबलचा फायदा. त्याची किंमत अशी की २० बाइटचं पॅकेट एसएफ ७ ला हवेत ५७ मिलिसेकंद घेतं, एसएफ ९ ला १८५ आणि एसएफ १२ ला १३१९. सव्वा सेकंदाहून जास्त! तेवढा वेळ बॅटरी जळते आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचं पॅकेट येऊन आदळण्याची शक्यता उघडी राहते.

बरेच जण ‘लांब आहे ना, मग एसएफ १२ च ठेवू’ असं करतात. करू नका. सुरुवात एसएफ ९ ने करा. १३ डेसिबल मिळवायचा त्याहून चांगला मार्ग पुढच्या पायरीत आहे.

चूक दुरुस्त करण्यासाठी लोरात कोडिंग रेट असतो, ४/५ ते ४/८. सहसा ४/५ ठेवा. मोटरच्या पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल आणि मधूनमधून जोराचा विद्युत गोंगाट होत असेल, तर तेवढ्या जोडणीला ४/७ करून बघा. सीआरसी, म्हणजे पॅकेट वाटेत मोडलं का हे ओळखणारा आकडा, मात्र चालू आहे ना हे स्वतः तपासा. काही लोकप्रिय लायब्ररींमध्ये तो मुळात बंद असतो आणि मग मोडकं पॅकेटही खरं म्हणून स्वीकारलं जातं. ओलावा अचानक ४०० टक्के दिसला तर पहिली शंका इथेच घ्या.

पायरी ४: अँटेना आणि उंची

पैसा आणि मेहनत खर्च करायची असेल तर ती इथे करा. सॉफ्टवेअरमधली कोणतीही हुशारी जमिनीलगत ठेवलेल्या अँटेनाची भरपाई करू शकत नाही.

आधी कागदावरचा हिशेब. ८६६ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेत १ किलोमीटरला ९१ डेसिबल आणि २ किलोमीटरला ९७ डेसिबल घट होते. ट्रान्समीटर १७ डीबीएम, दोन्ही बाजूंच्या अँटेना २-२ डेसिबलच्या, केबल आणि कनेक्टरचं नुकसान २ डेसिबल असं धरलं, तर समोर उणे ७८ डीबीएम पोहोचायला हवेत. एसएफ ९ ची हद्द उणे १२९ च्या आसपास, म्हणजे ५१ डेसिबल शिल्लक. ऐकायला भरपूर वाटतात, पण जमीन, घरं, झाडं आणि ऊस मिळून त्यातले तीस-चाळीस सहज खातात.

यात फ्रेनेलचा पट्टा महत्त्वाचा. रेडिओलहर दोन अँटेनांमध्ये दोरीसारखी सरळ एका रेषेत जात नाही, मध्यभागी फुगलेल्या पट्ट्यातून जाते. २ किलोमीटरच्या जोडणीत, ८६६ मेगाहर्ट्झला, मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या सुमारे १३ मीटर भरते. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे ८ मीटर, मोकळा असावा. आता घराच्या छतावर अँटेना १० मीटरवर आणि मळ्यात ४ मीटरवर असेल, तर सपाट रानात मध्यावर रेषेची उंची ७ मीटर. खाली ३ मीटर ऊस उभा. मोकळी जागा उरली ४ मीटर, हव्या होत्या त्याच्या निम्मी. एक अँटेना दुसरीला स्वच्छ दिसते आहे, तरी सिग्नल कमी येतो, तो यामुळे. छतावर दोन मीटर जीआय पाइप वाढवला आणि मळ्यातला खांब ६ मीटर केला, की मोकळी जागा ६ मीटरवर जाते.

उसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ऊस रानात वर्ष-दीड वर्ष उभा. लागणीच्या वेळी रान उघडं असतं आणि तेव्हा घेतलेली चाचणी फसवी असते. पुढच्या पावसाळ्यात तिथेच माणूस दिसणार नाही एवढं पीक असतं आणि त्या पानांतलं पाणी लहर शोषतं. म्हणून अँटेना सरीतल्या सेन्सरपाशी न ठेवता बांधावरच्या खांबावर, पूर्ण वाढलेल्या उसाच्या वर ठेवायची आणि सेन्सरची वायर जमिनीखालून पाइपातून खांबापर्यंत आणायची. द्राक्षबागेत अडचण निराळी: मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. तिथेही अँटेना मांडवाच्या वर हवी.

नुसतं पाणी पडण्याने ८६६ मेगाहर्ट्झला काही होत नाही. पावसात जोडणी खराब झाली तर ओली पानं किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी यांपैकी एक कारण असतं. कनेक्टरवर स्वतःत चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे थेंब पेटीत न जाता तिथून गळतो.

केबल लांबवू नका. आरजी ५८ या प्रकारच्या केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल जातो, आरजी १७४ मध्ये साधारण एक. छतावरून खालच्या खोलीत आरजी ५८ चे दहा मीटर आणले तर ५ डेसिबल गेले. त्यापेक्षा गेटवेचा बोर्डच बंद पेटीत अँटेनाखाली ठेवा आणि खाली फक्त वीज आणा. पेटी प्लास्टिकची घ्या. पत्र्याच्या पेटीत बंद केलेली अँटेना जवळजवळ निकामी होते. दोन्हीकडच्या अँटेना उभ्या ठेवा, एक उभी आणि एक आडवी असली तर विनाकारण बरेच डेसिबल जातात. अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूलला वीज देऊ नका, ट्रान्समीटर जळू शकतो. स्वतः तार कापून पाव तरंगाची अँटेना करायची असेल तर लांबी साधारण ८२ मिलिमीटर. आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा लक्षात घेऊन छतावरच्या पाइपाला अर्थिंग द्या, केबलला सर्ज अरेस्टर लावा.

पायरी ५: रानात फिरून मोजणी

दोन माणसं, दोन फोन. एक जण गेटवेपाशी, दुसरा नोड घेऊन मळ्यात. नोड दर तीन सेकंदांनी अनुक्रमांक टाकलेलं पॅकेट पाठवेल, प्रत्येक जागी १०० पॅकेट. गेटवेवर तीन गोष्टी लिहायच्या: किती आली, प्रत्येकाचा आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची शक्ती) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती).

लोरा गोंगाटाच्या खालूनही संदेश उचलतो, म्हणून एसएनआर उणे असला तरी घाबरू नका. एसएफ ७ ची हद्द उणे ७.५ डेसिबल, एसएफ ९ ची उणे १२.५ आणि एसएफ १२ ची उणे २०. या हद्दीच्या वर निदान १० डेसिबल हातात असावेत, म्हणजे एसएफ ९ ला एसएनआर उणे २.५ च्या खाली जायला नको. रान उघडं असताना मोजत असाल तर २० डेसिबल हातात ठेवा. सिग्नल जोराचा असला की एसएनआर अधिक दहाच्या आसपास अडकतो, मग खरी तफावत आरएसएसआयमध्ये दिसते.

सरासरीवर जाऊ नका, सर्वांत वाईट आकडा बघा. एक मोजणी मोटर चालू असताना जरूर करा. मोटर बंद असताना १०० पैकी ९९ आणि चालू असताना ७० येत असतील, तर अँटेना पॅनेलपासून दूर न्या. दोष अंतराचा नाही, पॅनेलमधल्या गोंगाटाचा आहे.

पायरी ६: पॅकेट लहान करा

मजकूर म्हणून ‘नोड: ३, ओलावा: ४१.५, बॅटरी: ३.९१…’ असं पाठवलं की सहज ६० बाइट होतात. एसएफ ९ ला त्याला ३७० मिलिसेकंद लागतात. तेच आकडे नीट बांधले तर वीस बाइटमध्ये बसतात आणि वेळ बरोबर निम्मा, १८५ मिलिसेकंद:

- नोडचा क्रमांक १ बाइट, निरोपाचा प्रकार १ बाइट
- अनुक्रमांक २ बाइट
- बॅटरी, मिलिव्होल्टमध्ये, २ बाइट
- दोन खोलींवरचा ओलावा, टक्क्याच्या दशांशात, ४ बाइट
- तापमान, दहाने गुणून, २ बाइट
- मागच्या वेळचा ओलावा, ४ बाइट
- सही, ४ बाइट

‘मागच्या वेळचा ओलावा’ ही ओळ मला फार मोलाची वाटते. पोच मागायची तर नोडला पाठवून झाल्यावर कान उघडे ठेवून थांबावं लागतं, गेटवेला उलट बोलावं लागतं आणि गेटवे बोलत असताना तो दुसऱ्या कुणाचं ऐकू शकत नाही. त्याऐवजी प्रत्येक पॅकेटमध्ये मागचं रीडिंग परत पाठवलं, तर फक्त ४ बाइट आणि २० मिलिसेकंद वाढतात. दहातलं एक पॅकेट हरवत असेल, तर सलग दोन हरवून रीडिंग कायमचं जाण्याची शक्यता शंभरात एक उरते. बिघाड एकदम अर्धा दिवस टिकला तर याचा उपयोग नाही, पण सुट्या सुट्या गळतीला हा उपाय पोचेपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

चार बाइटची सही म्हणजे गुप्त किल्ली वापरून पॅकेटवर काढलेला छोटा आकडा, एईएस-सीमॅक सारख्या पद्धतीने. लोरावॅनमध्येही एवढ्याच आकाराची सही असते. ती नसेल, तर तसंच मॉड्यूल असलेला कुणीही तुमची मोटर चालू करू शकतो. जुनं पॅकेट रेकॉर्ड करून पुन्हा वाजवण्याचा खोडसाळपणा रोखायला अनुक्रमांक सहीच्या आत धरा आणि आधीच्यापेक्षा मोठा असेल तरच स्वीकारा. लाइट गेल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होता कामा नये. त्यासाठी दर शंभराव्या अंकाला तो कायमच्या मेमरीत लिहा आणि बोर्ड नव्याने सुरू झाला की लिहिलेल्या अंकात शंभर मिळवून पुढे चला. प्रत्येक वेळी लिहिलं तर ती मेमरी झिजते.

पायरी ७: हवेतली टक्कर

दोन नोड एकाच वेळी, एकाच एसएफवर बोलले की सहसा निदान एकाचं पॅकेट जातं. या प्रश्नाचा पहिला मोठा अभ्यास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहा जाळ्यात झाला. १९७१ मध्ये ते सुरू झालं आणि बेटांवरची केंद्रं एकमेकांना न विचारता, हवं तेव्हा बोलत असत. त्यातला हिशेब आपल्याला थेट लागू पडतो. वीस नोड, १८५ मिलिसेकंदांचं पॅकेट, अर्ध्या तासाला एकदा: टक्कर होण्याची शक्यता हजारात चार. तेच वीस नोड एसएफ १२ वर ६० बाइट दर मिनिटाला पाठवू लागले, तर एक पॅकेट २.६ सेकंद हवेत राहतं आणि धड पोहोचण्याची शक्यता शंभरात सतरावर येते. उपकरणं तीच, अंतर तेच.

हा हिशेब मात्र नोड आपापल्या वेळी बोलतात असं धरून आहे. शेतात एक गोष्ट त्याला छेद देते: लाइट. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, थ्री फेज आली की तिच्यावरचे सगळे मोटर नोड एकाच क्षणी जागे होतात, सगळे एकदम ‘लाइट आली’ म्हणतात आणि सगळ्यांची टक्कर होते. पुन्हा प्रयत्नही एकाच अंतराने केले, तर पुन्हा टक्कर. म्हणून सुरू झाल्यावर ० ते ३० सेकंदांतला कोणताही यादृच्छिक वेळ थांबा आणि दर अर्ध्या तासाच्या रीडिंगमध्येही काही सेकंद पुढे-मागे करा. चिपला हवेत दुसऱ्याची चिर्प आहे का हे तपासता येतं, बोलण्याआधी ते करा. दूरच्या नोडचं बोलणं मात्र त्यात ऐकू येईलच असं नाही.

पायरी ८: मोटरचा निरोप

सुरुवात सुरक्षिततेने. ४१५ व्होल्टचं काम वायरमनकडूनच करून घ्या. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर, हे सगळं आहे तसं राहू द्या. आपला रिले फक्त चालू-बंदच्या बटणांचं काम करेल, संरक्षणाला वळसा घालणार नाही.

आता निरोप. गेटवे ‘चालू’ पाठवतो, नोड पोच देतो. पोच आली नाही तर दोन शक्यता असतात: निरोपच पोहोचला नाही, किंवा निरोप पोहोचला आणि पोच हरवली. गेटवेला या दोन्ही सारख्याच दिसतात. तो पुन्हा पाठवणार, म्हणजे तोच निरोप नोडकडे दोनदा जाऊ शकतो. त्यामुळे निरोप असा हवा की दोनदा आला तरी परिणाम एकच. ‘स्थिती उलट कर’ असा निरोप कधीच ठेवू नका. ‘चालू’ म्हणजे चालूच. आणि तोच अनुक्रमांक पुन्हा आला तर रिलेला हात न लावता फक्त पोच परत द्यायची.

एक सेकंद वाट पाहा, मग पुन्हा पाठवा, पुढची वाट दुप्पट आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. पाच प्रयत्न पुरेत. एका दिशेला दहात एक पॅकेट हरवतं असं धरलं, तर जाऊन पोच परत येण्याची शक्यता ८१ टक्के. पाचही प्रयत्न फसण्याची शक्यता चार हजारात एक.

त्या एका वेळेसाठी दोन बंदोबस्त करा. पहिला असा की ‘चालू’ सोबत मिनिटं पाठवा: ‘९० मिनिटं चालू’. नोड स्वतः घड्याळ धरतो आणि नव्वदाव्या मिनिटाला बंद करतो. ‘बंद’ हा निरोप मग फक्त लवकर थांबवण्यासाठी उरतो आणि तो हरवला तरी विहीर कोरडी पडत नाही. रेडिओवरचा भरवसा वाढवण्यापेक्षा रेडिओवरचं अवलंबन कमी करणं केव्हाही चांगलं. दुसरा बंदोबस्त निरोपाला मुदत देण्याचा. फोनवरून सकाळी दिलेला ‘चालू’ इंटरनेट अडकल्यामुळे दुपारी गेटवेवर पोहोचला, तर तो फेकून द्यायचा. पाच मिनिटांपेक्षा जुना हुकूम पाळायचा नाही.

पोचेत काय सांगायचं यालाही महत्त्व आहे. ‘निरोप मिळाला’, ‘कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) ओढला’ आणि ‘मोटर करंट घेते आहे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फेज गेली असेल तर पहिल्या दोन होतील, तिसरी नाही. एका वायरवर छोटा सीटी (करंट मोजणारी कॉइल) बसवा आणि करंट बघून मगच ‘मोटर चालू’ कळवा. पाच प्रयत्नांनंतरही उत्तर आलं नाही, तर फोनवर ‘बंद’ दाखवू नका. ‘मोटरची स्थिती कळत नाही’ असं स्पष्ट लिहा. ‘बंद’ वाचून कुणी फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) काढायला विहिरीत उतरेल, कुणी स्टार्टर उघडेल.

कॉन्टॅक्टर सुटताना उठणारा झटका बोर्डाला रीसेट करतो. कॉइलवर स्नबर (असा झटका शोषणारा भाग) लावा, बोर्डाचा वीजपुरवठा वेगळा ठेवा, वॉचडॉग (बोर्ड अडकला तर त्याला पुन्हा सुरू करणारा टायमर) चालू ठेवा. आणि बोर्ड रीसेट झाल्यावर रिलेची पहिली स्थिती ‘बंद’ असेल याची खात्री करा.

पायरी ९: बॅटरीचा खरा खर्च

एसएक्स १२७६ ही चिप १७ डीबीएमला बोलताना ८७ मिलिअँपिअर घेते. १८५ मिलिसेकंद, दिवसाला ४८ वेळा: रोजचा खर्च ०.२१ मिलिअँपिअर-तास. ६० बाइट आणि एसएफ १२ असते तर ३ च्या वर. झोपेत १० मायक्रोअँपिअर धरले तर दिवसाचे आणखी ०.२४.

पण शिकण्यासाठी मिळणारे तयार बोर्ड झोपेतही यूएसबीची चिप, पॉवरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर मिळून काही मिलिअँपिअर पीत राहतात. ५ मिलिअँपिअर म्हटलं तर दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास! २६०० ची १८६५० बॅटरी तीन आठवड्यांत रिकामी आणि त्यात रेडिओचा वाटा नगण्य. म्हणून कोड लिहिण्याआधी मल्टिमीटर लावून झोपेतला करंट मोजा. दिवा काढा, कमी गळतीचा रेग्युलेटर घ्या आणि ओलाव्याच्या सेन्सरला मॉस्फेटमार्फत (बोर्डाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फक्त रीडिंगपुरती वीज द्या.

मोटरच्या नोडला सतत कान उघडे ठेवावे लागतात, तो लाइटवरच चालवा. सोबत छोटी बॅटरी ठेवली की ‘लाइट गेली’ हे त्याला कळवता येतं.

पायरी १०: घरचा गेटवे

गेटवेपर्यंत आलेलं रीडिंग इंटरनेट नसल्यामुळे हरवलं, तर मळ्यातली सगळी काळजी वाया. आलेलं पॅकेट आधी मेमरी कार्डावर लिहा, मग पुढे पाठवा आणि पलीकडून पोच आल्यावरच पाठवल्याची खूण करा. पुढच्या प्रवासाला एमक्यूटीटी, ही इंटरनेटवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत, चांगली. १९९९ मध्ये ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली, म्हणजे तुटक्या जोडणीसाठीच. रीडिंगसाठी तिची क्यूओएस १ ही पातळी, म्हणजे ‘निदान एकदा तरी पोहोचव’, वापरा. त्यात एखादं रीडिंग दोनदा येऊ शकतं, तर नोड क्रमांक आणि अनुक्रमांक बघून दुसरं गाळा. मोटरचे हुकूम मात्र ब्रोकरवर, म्हणजे मधल्या निरोप वाटणाऱ्या सर्व्हरवर, साठवून ठेवू नका.

गेटवेला वायफाय राउटरच्या छोट्या यूपीएसवर घ्या. आणि हुकमाचं काम इंटरनेटशिवाय, घरातल्या वायफायवरूनही होईल असं ठेवा.

पायरी ११: मुद्दाम बिघडवून पाहा

जोडणी चालू झाली की तिची रोजची नोंद ठेवा. अनुक्रमांकांमधल्या फटी मोजल्या की दिवसात किती टक्के पॅकेट आली ते कळतं. नव्वदच्या खाली सलग दोन-तीन दिवस गेलं तर आधी कनेक्टर, मग अँटेनाची उंची, मग एसएफ, या क्रमाने बघा. पावसाळ्यात ऊस उंच झाल्यावर आकडा हळूहळू घसरत गेला तर एसएफ ९ चा १० करा. अचानक एका दिवसात घसरला तर पाणी शिरलंय किंवा खांब कलंडलाय.

मोटर नोडच्या भरवशावर पाळी सोडण्याआधी एक दिवस काढा. पॅकेट जाताना गेटवेची अँटेना झाका. तोच हुकूम दोनदा पाठवा. कालचं पॅकेट आज वाजवा, नोडने ते नाकारलं पाहिजे. मेन स्विच पाडून पुन्हा चालू करा आणि रिले ‘बंद’ स्थितीतच राहतो का ते बघा. शेवटी ‘१० मिनिटं चालू’ देऊन गेटवेचा प्लग काढा, विहिरीवर घड्याळ लावून उभे राहा आणि दहाव्या मिनिटाला मोटर आपोआप थांबते का ते स्वतः पाहा. थांबली नाही, तर वायर सोडवून पॅनेल पुन्हा हाताने चालवायला घ्या आणि पायरी ८ वर परत जा.